चतुराबाईंचं खोटं

"दिवसभरात जे घडेल ते सगळं मला खरं सांगायचं. पडली तर पडली म्हणायचं, जेवली नाही तर नाही म्हणायचं. एवढी एकच अट आहे माझी," भानुमती म्हणाली.

एकच कसली, तोवर डझनभर सांगून झाल्या होत्या! पाणी उकळून, दूध गाळून, टीव्ही बंद. दहा महिन्यांची लेक कडेवर घेऊन, तिला दिवसभर ठेवायला म्हणून ती सकाळपासून हे तिसरं घर बघत होती. रविवारी रजा संपणार. चिकलठाण्याच्या कारखान्यात तयार माल तपासायचं तिचं काम, त्यामुळे पास-नापास करायची खोड अंगात मुरलेली. आधीची दोन घरं तिनं दारातूनच नापास केली होती.

"सांगीन की," चतुराबाई म्हणाल्या. करमाडकडची पन्नाशीची बाई. नोकरीवाल्या आयांची पोरं आपल्या दोन खोल्यांत सांभाळायची. "नुसतं एवढंच ना?"

घर भानुमतीला आवडलं होतं. फरशी लख्ख पुसलेली. एक पोरगी कोपऱ्यात गाढ झोपलेली. आणि वर्षाचा बद्री कपाटाला धरून उभा, पाहुण्यांकडे टकमक बघत.

तेवढ्यात त्यानं कपाट सोडलं.

एक पाऊल. थांबला, डुलला. दुसरं, तिसरं, आणि चौथ्याला थेट चतुराबाईंच्या पदरात.

"अगं बया! चाललं की गं माझं लेकरू!" चतुराबाईंनी त्याला उचलून छातीशी धरलं. "सकाळपसून बघते, आज कायतरी करणारच व्हतं हे बेणं!" त्यांचे डोळे भरून आले. डब्यातला गुळाचा खडा त्यांनी त्याच्या तोंडात घातला, एक भानुमतीच्या हातावरही ठेवला. दुसऱ्याचं पोर, पण भानुमतीलाही उगाच गहिवरून आलं. मनातल्या मनात तिनं घर पास करून टाकलं.

दोनच्या सुमाराला बद्रीची आई आली. वच्छला, दवाखान्यात नर्स, सकाळची ड्युटी करून घामाघूम झालेली. चपला काढता काढताच तिनं विचारलं, "मावशी, काय केलं आज आमच्या साहेबांनी?"

चतुराबाईंनी पदरानं बद्रीच्या ओठावरचा गूळ पुसला. "काय करतंय! खाल्लं, झोपलं. पायात मातर आज लई जोर आलाय बरं का. घरी गेल्यावर सोड जरा मोकळं, आन् तू समोर बस."

वच्छला लेकाला घेऊन गेली तशी भानुमती ताडकन उठली.

"माझ्यादेखत खोटं बोललात! आणि मला म्हणता, खरं सांगीन?"

"बसा, ताई."

"कशाला बसू? उद्या माझी मुलगी पडली तरी असंच लपवाल."

"पडली तर पडलीच म्हणीन. ताप आला तर दुकानातून फोन करीन कारखान्यात. इचारा वच्छलाला, असं कधी लपवलं का." चतुराबाई फरशीवर बसल्या. "अकरा पोरं चालायला शिकली या फरशीवर. पण एकाचंबी पयलं पाऊल मी पाहिलेलं नाय. सगळ्यांच्या आयांनी पाहिलं, आपापल्या घरी. आता सांजच्याला वच्छला नुसती नाचंल, गल्लीभर सांगत फिरंल. माझं काय जातं त्यात?"

भानुमतीचा राग मात्र अजून उतरला नव्हता.

"तुमचं तसं नाय करणार," चतुराबाई म्हणाल्या. "तुमची अट हाय. पोरगी चालली की तुमाला दारातच सांगीन, ताई, चालली म्हणून."

कडेवरची लेक भानुमतीचं मंगळसूत्र ओढत होती. सहा वाजता बसमधून उतरायचं, धापा टाकत या दारात यायचं, आणि ते ऐकायचं. भानुमतीला वाटलं, खड्ड्यात गेली नोकरी. पण नोकरी सोडणं परवडणारं नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

"सोमवारी साडेसातला आणते," ती म्हणाली. चपला घातल्या, पायरी उतरली, आणि परत वर आली.

"मावशी, पडली तर सांगा. ताप आला तर सांगा." तिनं लेकीचे दोन्ही पाय एका हातात घट्ट धरले. "चालली तर नका सांगू."