स्वतःचं नाव
स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीआधी श्यामला सोहोनी दोन महिने कलकत्त्याच्या बालीगंजात घरोघरी फिरली. मतदारयादीत नुसतं ‘अमक्याची बायको’ असं लिहिलं तर मत देता येणार नव्हतं, म्हणून ती मोडक्या बंगालीत बायकांना विनवायची, “स्वतःचं नाव सांगा.” कुणी लाजलं, कुणाच्या सासूनं दार लावून घेतलं, तरी चाळीसजणींनी नावं दिली. मतदानाच्या सकाळी नवरा आणि सासूबाईंबरोबर ती केंद्रावर गेली. सासूबाईंचं नाव सापडलं. श्यामलाच्या नावाच्या जागी खोडलेली ओळ होती: ‘दत्तात्रय सोहोनी यांची पत्नी’. “यादीवाले आले तेव्हा तू बाहेर होतीस,” दत्तात्रय ओशाळून म्हणाला. “आईचं नाव सांगितलं. परक्या माणसापुढे बायकोचं नाव कसं घ्यायचं, म्हणून तुझं नाही घेतलं.” “मी समोर उभी आहे. आता लिहा ना,” श्यामला कारकुनाला म्हणाली. त्यानं हात जोडले. “आता काही करता येत नाही, दीदी.” “तू सांगशील त्यालाच मी मत देतो, मग तर झालं?” दत्तात्रय मनापासून म्हणाला. तिला धड रागावताही येईना. तेवढ्यात शेजारणी शाई लागलेली बोटं दाखवत बाहेर आल्या आणि तिला बिलगल्या. मागून सासूबाई आल्या. त्यांचे डोळे भरले होते. “श्यामला, लग्न झाल्यापासून माझं नाव कुणी घेतलंच नव्हतं गं. आज त्या साहेबानं सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं!” “ऐकलं मी, आई,” श्यामला म्हणाली आणि त्यांचा हात धरून गर्दीतून वाट काढू लागली.