न लागणारा आजार

गुणवंतराव आज थेट झोपडीच्या दारात आला.

एरवी तो बांधावर थांबायचा. तोंडावर उपरणं दाबून तिथूनच विचारायचा, "माय, बरं हाये ना?" आणि उत्तर यायच्या आत वळायचा. आज त्याच्या मागे बायको होती, तिच्या हातात घडी न मोडलेलं लुगडं होतं आणि बांधाशी बैलगाडी उभी होती.

रुखमाबाई जेवत होती. ती उठली नाही.

दोन वर्षांपूर्वी चांद्याच्या डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि तो क्षय म्हणून मोकळा झाला. साठी उलटलेली बाई खोकते, वाळत चाललीय. दुसरं काय असणार? त्याच दिवशी तिची वाकळ आणि जर्मनचं एक ताट शेतातल्या या झोपडीत आलं. पंचेचाळीस वर्षं जिनं त्या घराची चूल पेटवली, तिचा बसायचा पाट त्याच चुलीत गेला. सुया टोचून झाल्या, खोकला हटला नाही. पुढे पायांवर गाठी उठल्या, डोळे लाल होऊन दिसेनासं व्हायला लागलं. तिनं मुलाला निरोप धाडला. मुलानं धानकापणीचं निमित्त पुढे केलं. शेवटी चामोर्शीहून भाऊ सोमाजी आला आणि तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथे गळ्यातली एक गाठ काढून तपासली. सारकॉयडोसिस. ते नाव रुखमाबाईच्या जिभेवर बसेना.

"हा क्षय नाही, बाई," तिथला डॉक्टर म्हणाला. "तुमच्या वयात हे आम्हालाही पटकन सुचत नाही. औषधानं डोळे वाचतील. आणि हा आजार कुणाला लागत नाही."

आज सकाळी सोमाजीनं तिला झोपडीशी उतरवलं आणि हे सांगायला तो गुणवंतरावाकडे गेला.

तो गेल्यावर थोड्या वेळानं बुधरी आली. मोहफुलं वेचणारी ही गोंडीण दोन उन्हाळ्यांपूर्वी अशीच आली होती आणि तिनं न विचारता पाण्याच्या मडक्यात हात घातला होता. "दूर हो, मले क्षय हाये!" रुखमाबाई ओरडली होती. "तहान मले लागली, तू काऊन बोंबलून राह्यली?" म्हणत बुधरी घटाघटा पाणी प्यायली. तेव्हापासून आठ-पंधरा दिवसांनी यायची, रुखमाबाईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि सगळा संपवून जायची. आज तिनं नाल्यातले खेकडे आणले होते. रस्सा झाला. ताट एकच, म्हणून दोघी एकाच ताटात बसल्या. नागपूरच्या गोष्टी जेवण झाल्यावर सांगू, असं रुखमाबाईनं ठरवलं होतं.

"लागत नाई म्हणते ना डॉक्टर!" गुणवंतराव दारातून म्हणाला. "मामानं सांगतलं तसा निघालो, माय. एक घडी नाई थांबलो. चाल, आपलं घर हाये."

सून पाया पडायला वाकली. पायावरच्या गाठी दिसल्या तशी थबकली. मग नवऱ्यानं डोळे वटारल्यावर बोटांची टोकं तेवढी टेकवून तिनं हात पदराला पुसले.

"ते लुगडं तूच नेस," रुखमाबाई म्हणाली. "मी इथीच बरी."

गुणवंतरावाला झोंबलं. आईवर ओरडता येईना, म्हणून तो बुधरीकडे वळला. ती खेकड्याची नांगी फोडत होती.

"लागत नाई हे कळलं, म्हणून आली काय हे बाई इथी? आता पाह्य, कशी माह्या मायच्या ताटात जेवून राह्यली!"

नांगी बुधरीच्या हातातच राहिली. तिनं रुखमाबाईकडे पाहिलं.

"इले आत्ता कळलं," रुखमाबाई मुलाला म्हणाली, "तुह्या तोंडून."