हिरवी खूण

फोन चार्जिंगला लावला होता. सगळे त्याच्या काळ्या पडद्याकडे बघत होते.

तो बोट चालवणाऱ्या शिवा तांडेलाचा फोन. बोट बुडताना त्याने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नितेशच्या गळ्यात अडकवला होता. नितेश खलाशी डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून वाचला. शिवा काल आरे-वारेच्या वाळूत सापडला.

"तांडेलानं बटण दाबलंन, मी बघितलं," नितेश म्हणाला. "इंजिन बंद पडलं तेव्हाच. मागनं एक ट्रॉलर आला. दोर टाकू काय, म्हणून विचारलंन. तांडेल म्हणाला, नको, तुमची मासळी नासेल. आमचा संदेश पोचलाय, सोसायटीची बोट येतेय."

"मग आमचा भोंगा काय मुका झाला होता रे?" मच्छीमार सोसायटीचे सचिव हरिश्चंद्र म्हणाले. ॲपमधलं मदतीचं बटण दाबलं की मिरकरवाड्यातल्या या कार्यालयावर भोंगा वाजायचा आणि धक्क्यावरून बोट सुटायची. "इथल्या संगणकावर काही आलेलं नाही. ताठा नडला त्याला. चौकशीत मी तेच सांगणार."

शिवाची बायको दिशा भिंतीला टेकून बसली होती. तिने ॲप बनवणाऱ्या मृणालीकडे पाहिलं.

"बाय, तुला यातलं कळतं. माझा नवरा ताठ्यानं मेला काय? तेवढंच सांग."

मृणालीला नितेशचं बोलणं संपायच्या आतच कळलं होतं. आधी बटण दाबलं की पडद्यावर एक चाक फिरत राहायचं, संदेश कार्यालयात पोहोचेपर्यंत. खोल समुद्रात रेंज नसली तर ते थांबायचंच नाही. "तुझ्या चाकाकडे बघून आम्हा खलाशांना बोट लागते," अशी तिची थट्टा झाली होती. तिने चाक काढून टाकलं. आता फोनने संदेश स्वतःजवळ साठवला की लगेच हिरवी खूण यायची: 'संदेश पोहोचला'. रेंज मिळाल्यावर फोन तो मागाहून पाठवायचा. चाचणी तिने धक्क्यावर उभं राहून घेतली होती. तिथे रेंज कधी जात नसे.

"खूण खोटी होती," ती म्हणाली. "संदेश इथे आला की नाही, हे न विचारताच ती उमटायची. मीच तशी केली होती. त्यांनी बटण दाबलं असणार."

"असणार?" हरिश्चंद्र म्हणाले. "असणारवर चौकशी चालत नाही, मुली."

फोनचा पडदा उजळला. रेंजच्या रेघा एकेक करत भरल्या.

छपरावरचा भोंगा वाजू लागला. संगणकावर शिवाचं नाव लाल झालं. भोंगा बंद करायला कोणीच उठलं नाही.

खाली धक्क्यावरचा लिलाव थांबला. माणसं धावत सुटली, आणि दोन बोटी दोर सोडून भर वेगाने समुद्राकडे निघाल्या.