रोजच्या वापराचं रीळ

निरंजननं आपल्या फोटोच्या दुकानात काउंटरवर तीन फोटो शेजारी शेजारी मांडले. तिन्हींत एकच दृश्य होतं. पिंपरीच्या मंडईतला एक भाजीवाला, पुढ्यात टोमॅटोचा ढीग.

“माणूस तोच, जागा तीच, काका. फक्त रोल वेगवेगळे वापरलेत,” तो म्हणाला. “बघा, कुठला पटतोय.”

मारुतराव वाकून बघू लागले. चऱ्होलीहून बस बदलत बदलत ते बायकोला, सोजराबाईंना, घेऊन चिंचवडच्या या दुकानात आले होते. कॅमेऱ्यासाठी रंगीत रीळ हवं होतं. गेल्या महिन्यात त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू काढला, आणि तेव्हापासून त्यांना घरातच नवेनवे रंग सापडत होते. भिंत मळकट नव्हती, चांगली पांढरी होती. दारातली बादली निळी होती. जे दिसेल ते दाखवायला ते सगळ्यांना हाका मारायचे. शेवटी कपाटातला जुना कॅमेरा काढून त्यांनी दुरुस्त करून आणला. मोबाइल आहे की, असं मुलगा म्हणाला, तर म्हणाले, “मोबाइलातलं मोबाइलातच ऱ्हातं. मला हातात धराय पायजेत.”

“कशाचे फोटो काढणार?” निरंजननं विचारलं.

“रोजचंच. हिचा ओटा, दारातली मेथी, गल्लीतली माणसं. सकाळचं, सांजचं, घरातलं, भायेरचं. रीळ एकच पायजे, आन् परवडाय पायजे.”

निरंजन हसला. “मग हा पहिला सोडा. रंग अगदी जसेच्या तसे देतो, पण महाग, आणि उजेडाचा अंदाज जरा चुकला की फोटो वाया. मधला सगळ्यात स्वस्त, पण त्याला लख्ख ऊन लागतं. हा तिसरा थोडाच जास्तीचा. उन्हात चालतो, घरात खिडकीपाशी चालतो. थोडी पिवळी झाक येते, पण उजेड कमी-जास्त झाला तरी सांभाळून घेतो.”

मारुतरावांनी तिन्ही फोटो बायकोपुढे सरकवले. “तू सांग. ओटा तुझा हाय.”

सोजराबाईंनी एक फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. दुसराही तसाच बघितला.

“तिन्ही चांगलेच की.”

“तसं न्हाई. एक सांग.”

त्यांनी तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. “ह्यो घ्या. गड्याचा पांढरा सदरा कसा झ्याक आलाय.”

निरंजननं मान वर केली. भाजीवाल्याचा सदरा आकाशी होता. तिन्ही फोटोंत आकाशी. तो काही बोलणार, एवढ्यात मारुतरावांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“बराबर बोलली,” ते म्हणाले. “ह्योच द्या.”

निरंजननं रीळ कॅमेऱ्यात भरून दिलं. दोघं बाहेर आले. मारुतराव चार पावलं चालले आणि एका बंद दुकानापुढे थांबले.

“अगं, कवापासनं दिसंना तुला?”

“काय दिसंना? समदं दिसतंय.”

“त्या गड्याचा सदरा आकाशी व्हता.”

सोजराबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. पदर नीट होता, तरी त्यांनी तो पुन्हा डोक्यावर ओढला.

“तुमच्या आधीपासनं,” त्या म्हणाल्या.

“आन् बोलली न्हाईस?”

“काय बोलायचं? पोरगा कंपनीत, सूनबाई शिफ्टला. दोघांच्या बी डोळ्याला पट्ट्या बांधल्या असत्या, तर तुमच्या डोळ्यात थेंब कुनी टाकलं असतं?”

मारुतरावांना ते थेंब आठवले. ऑपरेशननंतर रोज कितीतरी वेळा ती त्यांची हनुवटी धरून मान मागे करायची. एखादा थेंब गालावर पडायचा, एखादा कानाकडे ओघळायचा. नीट नेम धर की, म्हणून ते तिच्यावर खेकसायचे. तुमीच हलताय, म्हणायची आणि पुन्हा बाटली तिरपी करायची. एकही वेळ तिनं चुकवली नव्हती.

त्यांनी गळ्यातला कॅमेरा हातात घेतला.

“हितं उभी ऱ्हा. पयला फोटो तुझा.”

ती उभी राहिली. ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं. तिनं डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला, पण ते मिटले, आणि कडेनं पाणी आलं. मारुतरावांनी कॅमेरा खाली केला. जवळ जाऊन तिला खांद्यांना धरून फिरवलं, ऊन तिच्या पाठीवर येईल असं.

“आवो, आसं तोंड काळं यील की माझं.”

“यिऊ दे.”

तिनं डोळे उघडले. खटका वाजला.

“दावा बगू,” तिनं हात पुढे केला.

“ह्यात लगीच दिसत न्हाई. रीळ संपलं की धुवाय टाकायचं.”

“मंग बघायचं कवा?”

“उद्या माझ्या डॉक्टरकडं जाऊ. तुझ्या डोळ्याची पट्टी निघू दे, मंगच धुवाय टाकू. तवर म्या बी बघत न्हाई.”

समोरून गाड्यांची रांग चालली होती, आणि बस पलीकडच्या बाजूला लागणार होती. मारुतरावांनी सोजराबाईंचा हात धरला. भर रस्त्यात तो कधी धरला नव्हता.

“आन् तोंड काळंच आलं आसंल तर?” सोजराबाईंनी विचारलं.

“ते तूच बघून सांग मला,” मारुतराव म्हणाले.