हँडल कुठल्या हाताला?

“सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाय,” पनवेलच्या गळ-दोऱ्यांच्या दुकानात विठूकाकाने सुरुवात केली, “पण परवा खाडीत गळाला पंधरा किलोचा जिताडा मासा लागला. माझं रीळ असं गरगरलं की धूर निघाला, त्यावर बिडी पेटवली!” शेजारी त्याचा पुतण्या कल्पेश नव्या रिळावर दोरी भरून घेत होता. त्याने आठ किलोचा जिताडा काढल्यापासून अख्खं गाव भरतीची वेळ त्यालाच विचारायचं, आणि चाळीस वर्षं खाडीत काढलेल्या काकाचा जळफळाट व्हायचा. कल्पेशच्या रिळाची टिकटिकही काकाला टोचत होती. तो दुकानदाराला म्हणाला, “जुनं जळलं. आता ह्याच्या रिळापेक्षा मोठं दे!” दुकानदाराने विचारलं, “हँडल डाव्या हाताला की उजव्या? फिरवून दाखवा.” काकाचे दोन्ही हात सवयीने हवेत आळीपाळीने दोरी खेचू लागले. कल्पेशला हसू फुटलं, “काका, ही तं हातदोरी! रीळ तुमी जन्मात फिरवलंच नाय!”