सरासरी उतरेपर्यंत

"आज किती?" कॅन्टीनवालीने चहाचा ग्लास पुढे करत विचारलं.

"शंभराच्या पुढे," टँकरवाला खुर्चीत टेकत म्हणाला. "म्हणजे आता वीस मिनिटं बसणं आलं."

महामार्गावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे लागल्यापासून अफवांना नुसता ऊत आला होता. मधल्या लेनमधून गेलं की कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणे. खांबांवरची खोकी रिकामीच आहेत म्हणे. पण सगळ्यांत चलती होती ती शेजारच्या पंक्चरवाल्याकडून पसरलेल्या खबरीची. एक कॅमेरा पुलापाशी, दुसरा टेकडीपलीकडे. गाडी दामटली असेल तर मध्ये कॅन्टीनवर वीस मिनिटं बसा, सरासरी आपोआप उतरते. पंक्चरवाल्याला हे कुठून कळलं, ते कुणी विचारलं नाही. लोक बसू लागले.

टँकरवाला तर तीन महिने रोज बसत होता. टँकर पुलावर दिसला की ती आधण ठेवायची. तो टेबलाशी येईपर्यंत चहा उकळून, गाळून तयार. मग दोघांच्या गप्पा आणि तिचं ते मोकळं हसू.

गल्ल्यावर बसणारे तिचे वडील जुने मेकॅनिक. ते मात्र त्याला पाण्यात पाहत. "असा भरधाव माणूस! याच्या हाती मी माझी सायकल देणार नाही, मुलगी तर लांबच."

आज ग्लास तसाच भरलेला राहिला. येत्या सोमवारपासून टँकरच्या मालकाने त्याला दुसऱ्या रस्त्यावर घातलं होतं. विचारायचं तर आजच.

तो उठला. "काका, मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय. तिची हरकत नसेल तर."

वडील बाहेर गेले, टँकरच्या केबिनमध्ये चढले, खाटखूट केली आणि परत आले.

"टँकरच्या वेगाला सील ठोकलंय. साठच्या वर काटा जातच नाही. तीन महिने शंभराच्या थापा मारतोस?"

टँकरवाल्याचा चेहरा पडला. "बसायला काहीतरी निमित्त हवं होतं, काका. साठने येऊन वीस मिनिटं कशाला बसता, असं यांनी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?"

 वडील इतके खदखदून हसले की पंक्चरवाला आत डोकावला.

"साठ! अरे, मग माझी हरकतच मिटली की. आता हिलाच विचार."

तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. ती फडक्याला हात पुसत पुढे आली.

"मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही पुलावरून इथवर येईपर्यंत अख्खा चहा उकळून होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी तुम्ही उभ्या उभ्या चहा संपवून निघून गेलात," ती म्हणाली. "म्हणून तर ते वीस मिनिटांचं मी पंक्चरवाल्या काकांच्या कानात सोडलं."