अर्ध्यावरचा डाव

"वहिनी, एकही प्रोग्राम उघडत नाहीये," भास्करचा मित्र शिरीष म्हणाला. उद्या भास्करचा तेरावा होता आणि फ्रेमसाठी हवा असलेला फोटो त्याच्याच लॅपटॉपमध्ये अडकला होता. "त्याने लिनक्सची मूळ लायब्ररी हाताने बदललीय. सगळे प्रोग्राम तिच्याच जिवावर चालतात. आता नवीन काही सुरू होणार नाही. आधीपासून चालू आहे तेवढंच चालत राहील."

"म्हणाले होते, उद्या सकाळी नीट करतो," भास्करची बायको म्हणाली.

शिरीषने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "यावरून लॅपटॉप सुरू करून लायब्ररी परत बसवतो. फोटो मिळतील. पण आधी मशीन बंद करावं लागेल. आता उघडं आहे ते सगळं जाईल."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. बुद्धिबळाचा डाव उघडा होता. रोज जेवण झाल्यावर दोघांनी एकेकच खेळी करायची, अशी त्यांची रीत. आता खेळी तिची होती. हत्ती सरकवला की मात, हे तिला केव्हाच दिसलं होतं. तरीही तिने हत्ती सरकवला नव्हता, आणि कुणाला चार्जरही काढू दिला नव्हता. इतक्या वर्षांत भास्कर तिच्याविरुद्ध एकदाही जिंकला नव्हता.

"थांबा भाऊजी."

तिने आपल्या राजापुढचं प्यादं हलवून वाट मोकळी केली. मग भास्करचा वजीरही तिनेच उचलून आणला आणि आपल्या राजाला भिडवला.

स्क्रीनवर विजेता म्हणून भास्करचं नाव आलं.

"जिंकले एकदाचे," ती म्हणाली. "करा बंद."